मुंबईत देशी जेवण आणि कॉकटेलची संध्याकाळ: नवीन आलेल्यांनी कशी जमवायची

मुंबईत नोकरी लागून दोन-चार महिने झाले की ऑफिसात कोणीतरी म्हणतंच, अरे शुक्रवारी बसूया कुठेतरी, मग ग्रुपवर धडाधड लिंका पडतात, कोणाला रूफटॉप पाहिजे, कोणाला वाजवणारा डीजे पाहिजे, कोणाला वन प्लस वन पाहिजे, आणि शेवटी सगळे उपाशीपोटी रात्री दहाला कुठल्यातरी कानठळ्या बसवणाऱ्या जागी उभे राहून साखरेच्या पाकासारखं काहीतरी पिऊन, फ्राईज खाऊन, माणशी अडीच हजार देऊन घरी. यात ना जेवण धड झालं ना गप्पा.

माझं ऐकाल तर आधी जेवण ठरवा आणि पिणं त्याच्यामागून येऊ द्या. मुंबईत आता अशा भरपूर जागा आहेत जिथे बोंबील, खिमा, पोई (गोव्याचा पाव), पेरू-तिखटमीठ, कोकम या आपल्याच गोष्टी ताटातही आहेत आणि ग्लासातही. फक्त तिथे पहिल्यांदा जाताना काय बघायचं, काय विचारायचं हे कोणी सांगत नाही. सोलापूर-नाशिक-कोल्हापूरकडून नव्याने आलेल्या, किंवा इथलेच पण आत्तापर्यंत बिअर आणि चखण्याच्या पुढे न गेलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय.

आधी कॅलेंडर उघडा

ड्राय डे. हसू नका, दर वर्षी २ ऑक्टोबरला टेबल बुक करणारा एक तरी नग असतोच. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे तर ठरलेले, शिवाय आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, आणि निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस. आपल्याकडे आता कुठली ना कुठली निवडणूक चालूच असते त्यामुळे हे खरंच बघून घ्या.

दुसरं म्हणजे ग्रुपमधल्यांचे वार. कोणाचा मंगळवार, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी, आणि श्रावण लागला की अर्धा ग्रुप गायब. आषाढ संपताना गटारीच्या शनिवार-रविवारी मात्र मासे-मटणवाल्या सगळ्या जागा तुडुंब असतात, त्या वेळी नवख्याने जाऊच नये, वेटरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला फुरसत नसते आणि पहिल्या वेळी तेच तर महत्त्वाचं असतं.

माशांसाठी जायचं असेल तर अजून एक. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. हॉटेलात मासे तरीही मिळतात, पण ते एकतर आधीचे गोठवलेले नाहीतर बाहेरून आलेले, त्यामुळे त्या दोन महिन्यांत मी तर खिमा, कोंबडी, भाज्या यांच्याकडे वळा असंच सांगेन. पावसाळ्यात सुरमईसाठी हट्ट धरून बाराशे रुपये घालवण्यात अर्थ नाही.

वार कुठला? बुधवार किंवा गुरुवार. शुक्रवार-शनिवारी आवाज जास्त, गर्दी जास्त, बारटेंडरचे हात दुप्पट वेगाने चालतात, आणि घाईत केलेलं कॉकटेल लगेच कळतं, बर्फ विरघळून पाणी पाणी झालेलं असतं.

एरिया एकच पकडा

मुंबईत एका संध्याकाळी दोन एरिया करायला जाऊ नका. "जेवण बांद्र्यात आणि नंतर कुलाब्यात एक ड्रिंक" हे फक्त ऐकायला बरं वाटतं, सी लिंक असो वा कोस्टल रोड, पंधरा मिनिटांचे पंचेचाळीस कधी होतील सांगता येत नाही. नवीन माणसासाठी माझ्या मते चार पर्याय आहेत.

लोअर परळ. सगळी गिरण्यांची जमीन. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या आवारात मॉल, ऑफिसं, बार उभे राहिले, गिरणगावातल्या कितीतरी घरांना अजून तिथून जाताना कसंतरीच होतं ते वेगळं. कमला मिल्समध्ये द बॉम्बे कँटीन आहे, २०१५ पासून. न्यूयॉर्कला नाव काढलेला आपला मुंबईचा शेफ फ्लॉइड कार्डोझ याच्या सुरुवातीला होता, २०२० मध्ये कोविडने तो गेला. देशी जेवण आणि त्याला साजेसं कॉकटेल ही जोडी मुंबईत रुळवण्यात या जागेचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. तिथलं एग्ज केजरीवाल खाऊन बघा, टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर अंडं, मूळचं विलिंग्डन क्लबातलं, तिथल्या केजरीवाल नावाच्या एका मेंबरवरून नाव पडलेलं, राजकारणाशी काहीही संबंध नाही. स्टेशन लोअर परळ किंवा मध्य रेल्वेवाल्यांसाठी करी रोड. आणि हो, या आवारातल्या कुठल्याही जागी, विशेषतः रूफटॉपवर, बसलात की बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे तेवढं बघून ठेवा. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, इथल्याच आगीत १४ जण गेले होते.

बीकेसी. ऑफिसवाल्यांचा एरिया, सुटसुटीत पण थोडा बेचव. इथे ओ पेद्रो आहे, बॉम्बे कँटीनवाल्यांचंच, २०१७ चं, गोव्याचं जेवण. गोव्याकडच्या मंडळींना पोई दिसली की बरं वाटतं, गरम पोई आणि लोणी येतं त्यावरच पहिला अर्धा तास निघतो.

फोर्ट-कुलाबा. माझा आवडता, कारण सगळं चालत होतं. काळा घोड्याच्या गल्लीत त्रिशना, बटर-पेपर-गार्लिक खेकड्यासाठी जगभरातून लोक येतात तिथे. फोर्टातच महेश लंच होम, अपूर्वा, ही मंगळुरी पद्धतीची माशांची घरं, दारूचं लायसन्स असलेली, कॉकटेलचं फार कौतुक नाही पण मासा उत्तम. डी. एन. रोडवर किताब महालमध्ये "एका" नावाचं रेस्टॉरंट, २०२१ मध्ये सुरू झालेलं, तिथे जेवणाचे प्रयोग चालतात, खिसा बघून जा. आणि ताजमधला हार्बर बार, १९३३ चा, शहरातलं बारचं पहिलं लायसन्स आपलंच असं ते सांगतात. जेवायला कुठेही जा, पण खिडकीतून गेटवे बघत एक ड्रिंक तिथे घ्यायला हरकत नाही, फक्त एकच, कारण दर पंचतारांकित आहेत.

बांद्रा. जागा सगळ्यात जास्त, पार्किंग सगळ्यात कमी. सोय ही की रिक्षा मिळते. नवीन लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, रिक्षा इकडे बांद्र्यापर्यंत आणि तिकडे सायनपर्यंतच, त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी.

टेबल बुक करताना

फोन करा. ॲपवर बुकिंग होतं पण फोनवर तीन गोष्टी विचारता येतात ज्या ॲप सांगत नाही. टेबल किती वेळ आपलं आहे? बऱ्याच ठिकाणी सात-साडेसातची एक पाळी आणि साडेनऊची दुसरी, पहिल्या पाळीत बसलात तर नऊ-सव्वानऊला बिल पुढ्यात येतं. पहिल्या वेळी तरीही सातचीच पाळी घ्या. जागा शांत असते, बारटेंडरला बोलायला वेळ असतो, आणि घरी जायला लोकल मिळते.

दुसरं, कव्हर चार्ज किंवा डिपॉझिट आहे का, आणि ते बिलातून वळतं होतं का. तिसरं, फक्त मुलांचा ग्रुप असेल तर "स्टॅग एंट्री" आहे का. जेवणाच्या जागांना हा प्रश्न सहसा नसतो, क्लबसारख्या जागांना असतो, आणि दारात पाच जणांनी हुज्जत घालण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. चपला आणि हाफ पँटचंही विचारून घ्या, पावसाळ्यात सगळेच फ्लोटर्स घालून निघतात आणि मग दारावर अडकतात.

ग्रुप चारचा ठेवा. सहाच्या वर गेलात की टेबलाच्या या टोकाला काय मागवलं ते त्या टोकाला कळत नाही.

वय आणि परमिट

महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी २१ आणि बाकी हार्ड दारूसाठी २५ पूर्ण लागतात. कॉकटेलमध्ये जिन-रम-व्हिस्की असते म्हणजे २५ च. गोव्यातून आलेल्या पोरांना हा धक्का असतो. ओळखपत्र फोनवर डिजिलॉकरमध्ये ठेवा, चांगल्या जागा विचारतात.

शिवाय १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहेच आपल्याकडे, त्यामुळे कायद्याने दारू प्यायला परमिट लागतं. एका दिवसाचं विदेशी मद्याचं परमिट ५ रुपयांचं, आजन्म १००० चं. बार बहुतेक वेळा एका दिवसाचं फाडून हिशोबात धरतो, तुम्हाला कळतही नाही. नेहमी जाणार असाल तर आजन्म परमिट काढून टाका, एकदाच कटकट.

पोहोचणं

लोकलने जा, किंवा आता मेट्रो ३, ती ऑक्टोबर २०२५ पासून आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू आहे, बीकेसी, चर्चगेट, हुतात्मा चौक सगळं रस्त्यात. येताना तिच्या भरवशावर राहू नका, शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराची असते.

निघायच्या आधी काहीतरी खा. पूर्ण जेवण नको, एक वडापाव, दोन केळी, काहीही. ऑफिसात दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस साडेसातला पहिलं कॉकटेल रिकाम्या पोटी मारतो आणि आठला त्याला त्याचा बॉस किती वाईट आहे हे सगळ्या टेबलाला सांगायचं असतं.

आता ऑर्डर

बसलात की पहिला प्रश्न येतो, पाणी कुठलं, स्टिल की स्पार्कलिंग? उत्तर: साधं पाणी. "रेग्युलर वॉटर" म्हणा. लाजायचं काय त्यात. आणि ग्लास भरलेला ठेवायला सांगा, प्रत्येक ड्रिंकमागे एक ग्लास पाणी पोटात गेलं पाहिजे.

मग मेन्यू दोन येतात, एक जेवणाचा एक बारचा. बारचा बाजूला ठेवा. आधी खाण्याच्या चार गोष्टी ठरवा: एक तळलेली किंवा कुरकुरीत, एक तंदूर किंवा तव्यावरची, एक रस्सा आणि त्याच्यासोबत पाव-पोई-भात काय ते, आणि शेवटी एक गोड. चौघांना सुरुवातीला एवढं पुरे, लागेल तसं पुन्हा मागवा, सगळं एकदम मागवलं की टेबलावर जागा राहत नाही आणि बोंबील गार होतात. गार बोंबील कोणी खात नाही.

आता या प्रत्येकासोबत काय प्यायचं, इथेच खरी मजा आहे.

तळलेल्यासोबत लांब ग्लासातलं, सोडावालं, हलकं. जिन-टॉनिक, जिन-कोकम-सोडा, रम-सोडा-लिंबू. बोंबील फ्राय घ्या, बाहेर रव्याची खरपूस खोळ, आत नुसतं लोण्यासारखं विरघळणारं, तोंडात तेलाचा थर राहतो, आणि त्यावर थंड, बुडबुड्याचं, किंचित कडवट टॉनिक गेलं की जीभ लख्ख होते आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो. कोलंबी कोळीवाडासोबतही हेच. (कोलंबी कोळीवाडा कोळ्यांची नव्हे बरं का, शीव कोळीवाड्यात येऊन वसलेल्या पंजाबी मंडळींची करामत आहे.) गोव्यात आता चांगल्या जिन बनतात, ग्रेटर दॅन २०१७ ला आली, स्ट्रेंजर अँड सन्स त्याच्या पुढच्या वर्षी, आणि बारमध्ये त्या बाहेरच्या जिनपेक्षा स्वस्तात पडतात, चवीला कुठेही कमी नाहीत. नाव घेऊन मागा.

चाटसारखं काही असेल, चिंच, दही, शेव, वगैरे, तर आंबट कॉकटेल नको. आंबटावर आंबट गेलं की दोन्हींची चव जाते. काळा खट्टा, पेरू-तिखटमीठ, कैरी असली कॉकटेलं मेन्यूवर दिसायला फार छान दिसतात आणि ग्लासाच्या कडेला लाल तिखट-मीठ लावून येतात, पण ती नुसती प्यायची किंवा साध्या भाजलेल्या गोष्टीसोबत. चाटसोबत बिअर बेस्ट.

तंदूर, कबाब, भाजलेलं मटण: व्हिस्की. व्हिस्की सावर (व्हिस्की, लिंबू, साखर) असेल तर तो, नाहीतर साधी व्हिस्की-सोडा. धुराची चव व्हिस्कीला धरून राहते. इथे शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना, सावर म्हटलं की त्यावर जो पांढरा फेस असतो तो बरेचदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. मागवतानाच "अंडं नको" सांगा, बारटेंडर तसाही बनवून देतो. ब्लडी मेरी म्हणजे व्होडका आणि टोमॅटोचा रस, तिच्यातल्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचा मासा असू शकतो, तेही विचारा. आणि मेन्यूवर "क्लॅरिफाइड" किंवा "मिल्क पंच" असं दिसलं तर त्यात दूध वापरलेलं आहे: दारू आणि लिंबाच्या मिश्रणात दूध घालून ते मुद्दाम फाडतात आणि गाळतात, पनीर करताना खाली जसं निवळ पाणी उरतं तसं ते काचेसारखं स्वच्छ ड्रिंक उरतं. चवीला एकदम मऊ, आणि म्हणूनच फसवं, पिताना दारू जाणवत नाही. ज्याला दूध चालत नाही त्याने विचारून घ्यावं.

रस्सा आला की सगळ्यात जास्त चुकतं. झणझणीत मालवणी तिसऱ्या (शिंपल्या) किंवा कोल्हापुरी मटणासोबत लोक कडक काहीतरी मागवतात, ओल्ड फॅशन्ड वगैरे. कडक दारूने तिखट अजून चढतं, तोंडाची आग होते आणि मग माणूस आग विझवायला भराभर पितो. तिखटासोबत थोडं गोडसर आणि कमी दारूचं घ्या, रम आणि नारळपाणी असलं काहीतरी, किंवा सरळ दारू बाजूला ठेवून सोलकढी किंवा ताक मागवा. खरं सांगायचं तर रश्शासोबत सोलकढीला तोड नाही, कुठलाही बारटेंडर येऊ दे.

कडक, हळूहळू प्यायची कॉकटेलं शेवटी, गोडासोबत. बॉम्बे कँटीनचं गुलाब नट म्हणून आहे, गुलाबजाम आणि डोनट यांचं लग्न लावून ओल्ड मंकमध्ये बुडवलेलं. त्यासोबत वेगळं ड्रिंक कशाला पाहिजे.

फेणी आणि मोहाबद्दल. काजू फेणीला २००९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आता शहरातल्या बऱ्याच बारमध्ये ती कॉकटेलमध्ये असते. वास उग्र असतो, पहिल्यांदा घेताय तर लिंबू-सोडा-मिरचीसोबत लांब ग्लासात घ्या, नुसती नको. मोहाची दारूही आता बाटलीबंद येते, आपल्या डहाणूच्याच डिस्टिलरीची एक आहे, फुलांचा गोड वास असतो. ज्या मोहाला आपण इतकी वर्षं नाकं मुरडली तीच आता हजार रुपयांच्या ग्लासात बघून आदिवासी पाड्यावरची म्हातारी काय म्हणेल हा विचार माझ्या डोक्यात येतोच, पण एकदा चाखून बघा.

किती प्यायचं? हिशोब असा धरा की एका कॉकटेलमध्ये ४५ ते ६० मिली हार्ड असते, म्हणजे जवळजवळ एक लार्ज. तीन कॉकटेल म्हणजे तीन लार्ज, फक्त चव ज्यूससारखी. पहिल्या संध्याकाळी दोन पुरे, अडीच-तीन तासांत. आणि लाँग आयलंड आइस टी मागवू नका, नावात चहा आहे पण आत व्होडका, रम, जिन, टकीला आणि वर संत्र्याची लिक्योर अशी पाच प्रकारची दारू असते, जेवणाची चव त्यात बुडून जाते.

मेन्यू कळत नसेल तर बारटेंडरला सांगा: मला आंबट आवडतं, गोड कमी, जिन चालेल, आणि आत्ता आम्ही बोंबील मागवलेत. एवढ्या चार गोष्टी सांगितल्या की तो तुमच्यासाठी बरोबर काढून देतो. "काहीतरी मस्त द्या" म्हणालात तर मेन्यूवरचं सगळ्यात महाग येईल, त्याचा दोष नाही.

न पिणाऱ्यांनीही यावं, जरूर यावं. मॉकटेल हा बहुतेक ठिकाणी सिरपचा कारखाना असतो, त्यापेक्षा कोकम सोडा, ताजं लिंबू सोडा खारं, असं मागा. आणि "अरे एक घोट घे ना" हा आग्रह लग्नात जिलबीला ठीक आहे, इथे नको.

खेकडा किंवा मोठा मासा मागवताना मेन्यूवर किमतीच्या जागी "एपीएस" लिहिलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे भाव. वेटरला वजन आणि एकूण रक्कम दोन्ही विचारा, खेकडा टेबलाशी आणून दाखवतात, दाखवला की फोटो काढण्यात गुंगू नका, आकडा विचारा.

खिसा हलका असेल तर

वरचं सगळं महाग आहे हे मला कळतं. बड्या जागी एक कॉकटेल सातशे ते हजार-बाराशे. मग परमिट रूमचा रस्ता धरा, त्यात कमीपणा काही नाही, उलट बोंबील आणि खिमा कित्येकदा तिथेच जास्त चांगला मिळतो. कुलाब्यात ताजच्या मागे गोकुळ, बांद्र्यात पाली नाक्यावर जनता, ही नावं कॉलेजच्या पोरांपासून रिटायर्ड काकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. एसी आणि नॉन-एसी असे दोन भाग असतील तर एसीचे दर थोडे जास्त असतात, बसण्याआधी विचारा.

इथे कॉकटेल मागवू नका, बनवा. रम साठ मिली, थम्स अप, लिंबाच्या दोन फोडी, बर्फ वेगळा. ग्लासात आधी बर्फ भरपूर, मग रम, मग लिंबू पिळून फोड आतच टाका, आणि थम्स अप शेवटी कडेने. बाहेरगावचे लोक याला क्युबा लिब्रे म्हणतात आणि नऊशे घेतात. जिन आणि लिम्का, चिमूटभर मीठ, हेही झकास होतं. चखणा म्हणून मसाला शेंगदाणे किंवा उकडलेले चणे येतील, मसाला पापड मागवा, पण पोट त्यावर भरू नका.

फॅमिली सेक्शन आहे का हे बायकांसोबत जाताना आधी फोनवर विचारा. मैत्रिणी-मैत्रिणी जाणार असाल तर आपला ग्लास सोडून एकटं उठू नका, उठलात तर परत आल्यावर नवीन मागवा, पैसे गेले तरी चालतील.

बिल

बिल आलं की फोनचा टॉर्च लावून नीट वाचा, अंधार मुद्दाम असतो की काय कोण जाणे. जेवणावर ५ टक्के जीएसटी. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट, तो परमिट रूम आणि बारमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. खोलीभाडं दिवसाला साडेसात हजारांवर असलेल्या बड्या हॉटेलात जेवणावरचा जीएसटी १८ टक्के, आणि दारूचा कर त्याहून वेगळा.

त्याखाली सर्व्हिस चार्ज, बहुतेक १० टक्के. हा कर नाही आणि सक्तीचाही नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. सेवा आवडली तर द्या, नाहीतर शांतपणे "हा काढून द्या" म्हणा, आवाज चढवायची गरज नाही. मी स्वतः तो काढायला लावून तेवढेच पैसे वेटरच्या हातात देतो.

मेन्यूवरच्या आकड्यांवर विसंबू नका म्हणून एक हिशोब: चौघांचं जेवण ३००० आणि ९०० ची चार कॉकटेलं, म्हणजे ३६००. बेरीज ६६००. जीएसटी १५०, व्हॅट ३६०, झाले ७११०. सर्व्हिस चार्ज लावला तर अजून ६६०. पावणेआठ हजार.

टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करताना दारू आणि जेवण वेगळं धरा. न पिणाऱ्याने पिणाऱ्यांचा भार उचलायचा नाही हा नियम जाण्याआधीच ग्रुपवर टाका, टेबलावर तो विषय काढला की वातावरण जातं. एकाने बिल भरायचं आणि बाकीच्यांनी तिथेच, खुर्चीतून उठायच्या आधी, यूपीआय करायचं. "उद्या पाठवतो" हा उद्या कधी येत नाही.

घरी

गाडी किंवा बाईक आणलीच असेल तर ती तिथेच राहू दे. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, एका-दीड कॉकटेलमध्ये तिथवर पोचायला वेळ लागत नाही, आणि पहिल्यांदा सापडलात तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही. नाकाबंदी वीकेंडला असतेच असते. "मी ओके आहे" म्हणणाऱ्या मित्राची चावी काढून घ्या, उद्या तो रागावेल, रागावू दे.

बार दीडला बंद होतात, शेवटची ऑर्डर त्याच्या आधीच घेतात. पण लोकलवाल्यांसाठी खरी वेळ वेगळी: चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या आसपास, सीएसएमटीहून त्याच्याही आधी, आणि कर्जत-कसारावाल्यांनी तर बाराचाच काटा धरावा. शनिवारी रात्री ब्लॉक आहे का तेही बघा. शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून बसू नका, तिच्या आधीची पकडा.

रिक्षा-टॅक्सीला रात्री १२ ते पहाटे ५ सव्वापट भाडं कायदेशीर आहे, त्यावर वाद घालू नका, पण मीटर टाकायला लावा. रिक्षाचं कमीत कमी २६, टॅक्सीचं ३१, त्याच्यावर सव्वापट. ॲपवरून गाडी केली तर ट्रिप शेअर करा आणि ग्रुपवर "पोचलो" टाकल्याशिवाय झोपू नका, चौघांचे चार "पोचलो" आले पाहिजेत. आणि वाटेत हाजी अलीला ज्यूस सेंटर उघडं दिसलं तर उतरायला हरकत नाही, सीताफळ क्रीमचा सीझन असेल तर नक्कीच.